एनर्जीची स्कीम थर्मोडायनॅमिक्सवर घासून कशी बघायची

स्वस्त ऊर्जेची नवी आयडिया आली की लोक आधी रेट विचारतात. रेट नंतर बघा हो, आधी ऊर्जेचा जमाखर्च मांडा, कारण नोटा छापता येतात, ज्यूल (ऊर्जेचं माप) छापता येत नाहीत.

थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, पहिला नियम (ऊर्जा नव्याने तयार होत नाही, फक्त रूप बदलते) लावायला दोन मिनिटं पुरतात, ऊर्जा आली कुठून एवढंच विचारायचं. पाण्यावर चालणारी गाडी? पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, राखेला परत काडी लावायचा प्रकार, सोडून द्या. हीट पंप (बाहेरची उष्णता घरात ओढून आणणारं यंत्र) मात्र १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता देतो ती फसवणूक नाही, उरलेली २ त्याने बाहेरच्या हवेतून ओढलेली असतात.

मग ईआरओआय काढा, म्हणजे मिळालेली ऊर्जा भागिले ती मिळवायला घातलेली. १० आला तर दहावा हिस्सा त्यातच परत जातो, २ आला तर अर्धा, आणि १ च्या खाली गेला की सबसिडीमुळे कागदावर नफा दिसेलही पण ऊर्जेचा धंदा तोट्यातच. हिशोबात काय काय धरलंय ते नक्की विचारा, आकडा तिथेच हलवतात.

खरी गंमत दुसऱ्या नियमात आहे, कारण सगळे ज्यूल एका लायकीचे नसतात. विजेतले आणि कोमट पाण्यातले ज्यूल सारखे भरतील, पण कोमट पाण्याने मोटर फिरवून दाखवा! उष्णतेतून काम काढायला हद्द आहे याचा पाया फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नोने १८२४ मध्ये घातला. सूत्र सोपं, १ वजा (थंड तापमान भागिले गरम तापमान), दोन्ही केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३), सेल्सिअस घालून मी एकदा भलतंच उत्तर काढलं होतं. ५५० अंशांची वाफ आणि २७ अंशांची हवा घेतली तर ३०० भागिले ८२३, म्हणजे हद्द साधारण ६४ टक्के, आणि कोळशाची बरीचशी केंद्रं प्रत्यक्षात ३५-४० वरच अडतात.

प्रत्येक रूपांतराला टोल लागतो हेही धरा. विजेचा हायड्रोजन करून परत वीज केली तर १०० तले साधारण ३०-४० हाती येतात, लिथियम बॅटरीत ८५ च्या आसपास. म्हणून हायड्रोजन खत, स्टील अशा कामांना ठेवा, खोली गरम करायला कशाला.

अर्थशास्त्रज्ञ निकोलस जॉर्जेस्कू-रोगेनने १९७१ मध्ये अर्थशास्त्रवाल्यांना हेच ऐकवलं, की अर्थव्यवस्थेत कमी एन्ट्रॉपीचा, म्हणजे न विखुरलेला, कामाला येणारा माल आत जातो आणि कचरा नि उष्णता बाहेर पडते, गोल फिरतो तो फक्त पैसा. लगेच सगळं संपणार म्हणून घाबरू नका, सूर्य रोज ताजी ऊर्जा पाठवतोय. धातू मात्र वरून येत नाही आणि एकदा विखुरला की गोळा करायला परत ऊर्जाच लागते, त्यामुळे गोंदाने चिकटवलेला, न उघडणारा बॅटरी पॅक दिसला की मी तिथल्या तिथे मार्क कापतो.