प्रवाळ वाचवायला मालवणला निघालात? या चुका टाळा

शनिवारी आंबोली उतरायची, रविवारी किनाऱ्यावर बॅनर धरून फोटो, रात्री जेवायला परत बेळगावात. याला सहल म्हणतात. तिथल्या लोकांशी भागीदारी म्हणायची तर पुढचं वाचा.

सगळ्यात महागात पडते ती बोयाची चूक. नांगरामुळे प्रवाळ मोडतात, म्हणून होड्या बांधायला कायमचा बोया, म्हणजे तळाला जखडलेला तरंगता गोळा, टाकायचा, इथवर ठीक. एका मंडळाने काँक्रीटचा ठोकळा सोडला, त्याला वरपर्यंत एकच नायलॉनचा दोर बांधला आणि घर गाठलं. ओहोटीला दोर सैल पडून तळावर लोळायचा, होडी फिरली की तोही फिरायचा. मळणीत तिवड्याभोवती बैल फिरावेत तसा! ठोकळ्याभोवती प्रवाळाचं खळं झालं.

ठोकळा वाळूतच बसवा. तळापासून दीडेक मीटरवर दोराला जाळ्याचा तरंगा बांधा, म्हणजे खालचा दोर उभा राहतो. दोर अडकवायच्या लोखंडी कडीची, म्हणजे शॅकलची, पिन तारेने जखडा, नाहीतर हेलकाव्यांनी ती उलगडते. मेअखेर वरचा बोया काढून नारळी पौर्णिमेनंतर लावायचा. हे करणार कोण? करारात तांडेलाचं (होडीच्या म्होरक्याचं) नाव आणि खेपेचे पैसे लिहा. ‘स्थानिकांच्या सहकार्याने’ एवढ्यावर कुणी होडी काढत नाही.

मोजणीतही घाई नडते. ऑक्टोबरात एकीकडे, मे महिन्यात भलतीकडे टेप टाकून ‘प्रवाळ वाढले’ म्हणू नका. २० मीटर टेप अंथरा, दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहा: जिवंत प्रवाळ, मेलेला, शेवाळ, खडक, वाळू. ४० नोंदी होतात. अशा ४ पट्ट्या, मध्ये ५-५ मीटर सोडून, एकाच खोलीवर. पुढच्या वर्षी तोच महिना, तीच जागा. अमावस्येचा रविवार सोयीचा वाटतो, पण उधाणाला पाणी ओढतं आणि गढूळही होतं. अष्टमीच्या भांगाला जा, तेव्हा भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते. दिनदर्शिका घरोघरी आहेच.

एप्रिल-मेच्या तापल्या पाण्यात प्रवाळाच्या तुकड्यांची ‘लावण’ करू नका. उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा १ अंश जास्त काही आठवडे टिकलं, तर धडधाकट प्रवाळही पांढरे पडतात.

मेलेला तुकडाही आठवण म्हणून उचलायचा नाही. कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आणि परवानगी. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथला अर्ज महाराष्ट्राच्या वनखात्याकडे. मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाचा कर्नाटकाकडे. सीमावाद बेळगावातच ठेवा.