विंडोज न पुसता लिनक्स मिंट बसवताना: डिस्कचा टप्पा नीट कसा पार पाडावा

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप अधांतरी राहिले आहेत. त्यांच्यासाठी नको ती ॲप्स आणि माहिती गोळा करणाऱ्या सोयी उपसून काढणारी स्क्रिप्ट चालवून ‘एका क्लिकमध्ये विंडोज स्वच्छ करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. असल्या स्क्रिप्ट नेमकं काय काय बदलतात ते बहुतेकांना कळत नाही, मोठ्या अपडेटनंतर काढलेली ॲप्स परत येऊ शकतात आणि कधी अपडेटच अडकून बसतात. शिवाय होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये ‘आवश्यक’ निदान-माहिती मायक्रोसॉफ्टकडे जाणं सेटिंगमधून पूर्ण बंद करता येतच नाही. नंतर उपसत बसण्यापेक्षा ज्या सिस्टिममध्ये हा भार मुळात नाही, तीच बसवलेली बरी.

ही पद्धत लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२ मालिकेसाठी आहे. ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. टॅली, श्री-लिपी किंवा फक्त विंडोजवर चालणारं दुसरं एखादं सॉफ्टवेअर रोजच्या कामात असेल, तर विंडोज शेजारी ठेवावंच लागेल. पुढचं सगळं त्याच गृहीतावर आहे. विंडोज पूर्ण पुसायचं असेल तर फारसं वाचायची गरज नाही: ‘इरेज डिस्क’ निवडा आणि तिथल्या ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा (पासवर्डशिवाय वाचता न येणारी करण्याचा) पर्याय घ्या. लॅपटॉप चोरीला गेला तर तोच उपयोगी पडतो.

फाईल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (फाईल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. रुफस या पेन ड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाईल निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या खुणेचं बटण दाबलं की तो दिसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्याच साइटवर घुसखोरी होऊन मागचं दार (चोरून शिरायची सोय) ठेवलेली फाईल लोकांना दिली गेली होती, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफसने ती लिहा. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली आहे, असं मी धरून चालतो.

आता डिस्क. मिंटचं इन्स्टॉलेशन वीस मिनिटांचं काम आहे. लोकांचं विंडोज जातं किंवा दिवस वाया जातो तो त्याच्या आधी, आणि जवळजवळ नेहमी पुढच्या चारपैकी एका कारणाने.

पहिलं कारण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला त्या खात्यात असते. दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर लॅपटॉप चालू करून दिला असेल तर की त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी की शोधा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपवर जपून ठेवलेली की अडचणीच्या वेळी उघडता येणार नाही. त्यानंतर सेटिंगमधून एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा. नुसतं ‘सस्पेंड’ पुरत नाही, कारण ते साधारणपणे एका रीस्टार्टनंतर पुन्हा लागू होतं आणि आपल्याला तर तीन-चार रीस्टार्ट करायचे आहेत. डिक्रिप्शनला अर्ध्या तासापासून काही तासही लागू शकतात. ते पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत चार्जर लावून थांबा.

दुसरं कारण फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपलेलं असतं. तशा अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्याच्या भागावर) लिहिलं तर फायलींची नासाडी होते, म्हणून लिनक्स ते नुसतं वाचण्यापुरतं उघडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ते बंद करा. नंतरही बंदच राहू द्या.

तिसरं कारण जागा. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा. ते काम मिंटच्या इन्स्टॉलरवर सोपवू नका. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ घ्या. आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो, म्हणजे ८० जीबीसाठी ८१९२०. मिंटला ६० जीबीपेक्षा कमी देऊ नका आणि विंडोजकडे पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. डिस्कवर २०० जीबी रिकामी दिसत असूनही ‘फक्त १० जीबी कमी करता येईल’ असं उत्तर आलं, तर पार्टिशनच्या मध्यावर न हलणारी फाईल बसलेली असते: पेज फाईल, हायबरनेशनची फाईल किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, पार्टिशन लहान करा आणि पेज फाईल व रिस्टोअर पुन्हा चालू करा. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या. तिथे ‘न्यू व्हॉल्यूम’ करू नका. डिस्क ‘डायनॅमिक’ करायची का, असा प्रश्न आला तर ठामपणे ‘नो’, कारण डायनॅमिक डिस्कवर मिंटचा इन्स्टॉलर अडतो.

चौथं कारण सगळ्यात चिवट. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू होतं, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, किंवा तो ‘आरएसटी बंद करा’ म्हणतो. डिस्क खराब झालेली नाही. बायोसमध्ये तिचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘रेड’ (RAID) किंवा ‘इंटेल आरएसटी’ असतो, नव्या लॅपटॉपवर ‘व्हीएमडी’. तो ‘एएचसीआय’ करायचा असतो, पण थेट बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होणार नाही. क्रम असा पाळा. विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा. रीस्टार्ट करा आणि विंडोज सुरू होऊ न देता सरळ बायोसमध्ये जा. मोड बदलून सेव्ह करा. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर स्वतः उचलेल. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधीच आठवून ठेवा. चुकून मोड आधीच बदललात तर घाबरू नका. तो पुन्हा पूर्वीचा केला की विंडोज उघडतं.

हे चारही नीट झालं की उरलेलं सरळ आहे. बूट मेन्यूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलेली नोंद निवडा. विंडोज यूईएफआयमध्ये असताना मिंट जुन्या पद्धतीने बसवलं तर दोघांची बूट व्यवस्था जुळत नाही. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ हा पर्याय पुरेसा आहे. ‘समथिंग एल्स’ घेणाऱ्यांनी एकच गोष्ट लक्षात ठेवा: छोटंसं ईएफआय पार्टिशन फक्त वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. विंडोजचं बूट त्यात आहे. नाव-पासवर्डाच्या पानावर होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याची खूण करा. विंडोजशेजारी बसवताना एन्क्रिप्शनचा हाच सोपा मार्ग उरतो. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून मल्टिमीडिया कोडेक निवडले तर एक पासवर्ड विचारला जाईल आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (त्याच पासवर्डाने ड्रायव्हरला परवानगी देणं) येईल. तो पडदा दहाच सेकंद थांबतो. हुकला तर एनव्हीडियाचा किंवा काही वायफाय चिपचा ड्रायव्हर चालणार नाही आणि दोष मिंटवर येईल.

नंतर विंडोजचं एन्क्रिप्शन पुन्हा चालू केलंत, तर विंडोज ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना मिंट की विंडोज विचारणाऱ्या) यादीतून नव्हे, बायोसच्या बूट मेन्यूतून सुरू करा. नाहीतर ४८ अंकी की पुन्हा मागितली जाऊ शकते.

पहिल्या दिवशीची कामं थोडी. सगळे अपडेट घ्या. टाइमशिफ्ट चालू करा. त्याने सिस्टिम मागे नेता येते, तुमच्या फोटोंची ती प्रत नव्हे. फायरफॉक्स मोझिलाच्या मूळ सेटिंगसह येतो, म्हणून त्याच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये माहिती गोळा करण्याच्या खुणा काढा, नव्या टॅबवरचे प्रायोजित दुवे बंद करा आणि यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम टाका. सिनॅमनच्या ‘प्रायव्हसी’ सेटिंगमध्ये इंटरनेट चालू आहे का ते तपासणारी सोय असते. तीही बंद करता येते, फक्त मग हॉटेल किंवा स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिनचं पान आपोआप उघडणार नाही. नको असलेलं ॲप मेन्यूतच राइट क्लिक करून काढा, पण ‘याबरोबर हेही जाईल’ ही यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका. यादीत डेस्कटॉपचेच भाग दिसले तर थांबा. त्या ॲपने पडून राहून काही बिघडत नाही.

मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. कीबोर्ड सेटिंगच्या लेआउटमध्ये ‘मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ जोडा. ळ साठी शिफ्ट आणि एन. ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ लिहायला शिफ्ट आणि जे, मग डी, मग य; साध्या र ने लिहिलंत तर ‘दर्या’ उमटेल.