कौटुंबिक मालिकेची वेळ कशी ठरवावी?

मालिका साडेसातला लावायची की साडेआठला? वाहिनीच्या वेळापत्रकात कुठली जागा रिकामी आहे, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा घराची संध्याकाळ.

त्यासाठी कागदावर संध्याकाळी पाच ते रात्री अकरा असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि ज्यांच्यासाठी गोष्ट लिहिलीय, त्यांच्या घरी बसून ते भरा. कराड-वाळव्याकडच्या गावांत धार काढून, किटली डेअरीत पोचवून घरी यायला सात वाजतात. मग भाकऱ्या. भाकरी थापताना बाई मालिका बघत नाही, ऐकते. नजर तव्यावर असते. म्हणून या वेळेला संवादांवर चालणारी गोष्टच टिकते. तुमच्या मालिकेत नजरेतून, न बोलता बरंच घडत असेल तर जेवणं उरकायची वाट बघा. सांगली-मिरजेतल्या नोकरदार घरांत हेच गणित थोडं पुढे सरकतं, म्हणून त्यांचे रकाने वेगळे भरा.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. मुलांच्या अभ्यासासाठी साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद! सगळ्याच गावांत भोंगा नाही, पण दहावीचं मूल असलेल्या कितीतरी घरांत तो नियम आपसूक पाळला जातो. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बघावी अशी गोष्ट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: साडेआठ ते साडेनऊ. सासू-सुनेपुरती असेल तर सात-साडेसात चालेल. दहानंतरची वेळ रहस्यकथेला सोडा. पहाटे धारेला उठणारं घर तोवर झोपलेलं असतं.

आता शेजार बघा. आधीच्या मालिकेचा प्रेक्षक रिमोट न उचलता पुढचीही बघतो, पण दोन्हींचा स्वभाव जुळला तरच. रडवणाऱ्या मालिकेमागे हलकीफुलकी लावली की माणसं उठतात. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळी गाजणारी मालिका असेल तर अर्धा तास पुढे-मागे सरका, टक्कर घेऊ नका.

शुभारंभाची तारीख काढताना आयपीएलचा काळ टाळा. सामने साडेसातला सुरू होतात आणि बहुतेक घरांत टीव्ही एकच. गणपतीत संध्याकाळच्या आरत्या असतात, तेव्हाही नवी मालिका आणू नका.

कुठली मालिका किती बघितली जाते हे मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात. पहिल्या दोन आठवड्यांचे बघून वेळ हलवू नका, सवय लागायला वेळ लागतो. दुपारचं पुनःप्रक्षेपण चांगलं चालतंय आणि रात्रीचं पडतंय, असं दिसलं तर मात्र गोष्ट लोकांना आवडतेय, वेळ चुकलीय. तेव्हा बदला, पण निदान आठवडाभर आधी चालू भागाखाली पट्टी फिरवून नवी वेळ सांगा. आणि ती मालिकेतल्या आजीच्या तोंडूनही सांगा, कारण चुलीपुढून पट्टी वाचता येत नाही.