सोलापुरात बसून बुडालेल्या मालवाहू जहाजाचा युद्धकाळ कसा जुळवायचा

जहाज बुडाले की त्याचे लॉगबुकही बुडते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या मालवाहू जहाजाची हकिकत लिहायची तर किनाऱ्यावर राहिलेल्या कागदांवरूनच ती उभी करावी लागते. असे कागद म्हणजे नोंदणीची पुस्तके, बंदरांतल्या ये-जाची कार्डे, वाचलेल्यांचे जबाब, शत्रूच्या पाणबुडीची रोजनिशी आणि मृतांच्या याद्या. यातले बरेचसे आता संगणकावर मिळते, म्हणून सोलापुरातून काम अडत नाही. तसा समुद्र आपल्याला परकाही नाही. १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी करण्यात पुढाकार घेणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच.

पुढे उदाहरणासाठी 'गेरसप्पा' हे जहाज घेतले आहे. नाव आपल्या ओळखीच्या गिरसप्पाच्या धबधब्याचेच. ब्रिटिश इंडिया कंपनीचे हे जहाज १९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याहून चांदी, कच्चे लोखंड आणि चहा घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडी यू-१०१ ने ते बुडवले. जहाजावर ८६ जण होते. त्यातला एकच जिवंत राहिला, सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स. लाइफबोटीत १३ दिवस काढून तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला.

आधी जहाज तेच आहे ना, हे पक्के करा. एकच नाव दोन-तीन जहाजांना असते आणि एकाच जहाजाची दोन-तीन नावे असतात. गेरसप्पा १९१९ मध्ये जॅरो इथे बांधले गेले तेव्हा त्याचे नाव 'वॉर रोबक' होते. ब्रिटिश नोंदणीतल्या प्रत्येक जहाजाला अधिकृत क्रमांक असे. नाव बदलो, मालक बदलो, तो क्रमांक तसाच राही. तो मिळाला की वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहा. क्रमांक लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील नोंदणीपुस्तकात सापडतो. १९३० ते १९४५ चे त्याचे खंड स्कॅन केलेले उपलब्ध आहेत.

इथे आपल्याकडची माणसे हमखास एका ठिकाणी अडकतात. सिंधियाच्या बहुतेक जहाजांची नावे 'जल'ने सुरू होत. जलराजन जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवले, तर जलबाला ११ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३२ ने. मालक भारतीय, खलाशी भारतीय, पण ध्वज ब्रिटिश. त्यामुळे परदेशी यादीत देशाच्या रकान्यात 'भारत' शोधलेत तर हाताला काही लागणार नाही. ब्रिटिश जहाजांत शोधा. रोमन लिपीत नाव एका शब्दात आणि दोन शब्दांत, दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा.

मग टनांचा घोळ. गेरसप्पा ५,२३७ टनांचे, असे वाचले की ते जहाजाचे वजन वाटते. ते वजन नाही. ग्रॉस टन म्हणजे १०० घनफूट बंदिस्त जागा, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. माल, कोळसा, पाणी मिळून जहाज किती वजन उचलते तो आकडा वेगळा, त्याला डेडवेट म्हणतात, आणि त्या काळच्या साध्या मालवाहू जहाजात तो ग्रॉसच्या साधारण दीडपट असे. मालाच्या वजनातही टन तीन प्रकारचे: ब्रिटिश लाँग टन १,०१६ किलोचा, अमेरिकी शॉर्ट टन ९०७ किलोचा आणि आपला मेट्रिक १,००० किलोचा. २०१२ मध्ये गेरसप्पातून १,२०३ चांदीच्या विटा वर काढल्या, तेव्हा ४८ टन, १४ लाख औंस अशी बातमी आली. चांदीचा औंस ३१.१ ग्रॅमचा. गुणाकार करा, साडेत्रेचाळीस हजार किलो येतात. म्हणजे ते ४८ टन अमेरिकी होते. मराठी लेखात ते तसेच '४८ टन' म्हणून उतरले की साडेचार हजार किलो चांदी नुसत्या शाईने वाढते.

जहाज कुठून कुठे गेले यासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली बीटी ३८९ ही मालिका मागवा. यात जहाजागणिक हालचालींची कार्डे आहेत: बंदर, तारीख, पुढचा मुक्काम. अक्षर बारीक, संक्षेप पुष्कळ. आधी जी बंदरे नक्की वाचता येतात ती उतरवा, मग मधल्या तारखांवरून उरलेली ओळखा. ताशी ८ ते १० सागरी मैलांनी चालणारे जहाज दिवसाला साधारण १९० ते २४० सागरी मैल कापते. तुमच्या वाचनानुसार ते चार दिवसांत २,००० मैल जात असेल, तर बंदर किंवा तारीख चुकीची वाचली आहे. त्यानंतर कॉन्व्हॉय, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यातला काफिला बघा. गेरसप्पा सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनहून निघालेल्या एसएल ६४ मध्ये होते, पण वादळी हवेत कोळसा पुरेना म्हणून काफिला सोडून एकटेच आयर्लंडमधल्या गॉलवे बंदराकडे वळले. म्हणूनच काफिल्याच्या यादीत नाव दिसले म्हणजे बुडतानाही जहाज काफिल्यातच होते, असे धरू नका.

आता तारीख. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे काम सावकाश करा. गेरसप्पा कुठे १६ फेब्रुवारीला, कुठे १७ ला बुडाले असे लिहिलेले सापडते. यात खोटे कोणीच बोलत नाही, घड्याळे वेगळी आहेत. जर्मन नोंदीत टॉर्पेडोची वेळ १७ तारखेच्या ००.०८ ची. त्या हिवाळ्यात जर्मनीने उन्हाळी वेळच चालू ठेवली होती, ग्रीनिचपेक्षा दोन तास पुढे. ब्रिटनची घड्याळेही एक तास पुढे होती. म्हणजे ब्रिटिश वेळेने १६ तारखेचे २३.०८ आणि ग्रीनिचने २२.०८. जपानी पाणबुड्यांच्या नोंदी टोकियोच्या वेळेत असतात, ग्रीनिचपेक्षा ९ तास पुढे. भारतातही १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळे तासभर पुढे होती, म्हणजे साडेपाचऐवजी साडेसहा तास. एका कागदावर सहा रकाने आखा: तारीख, मूळ नोंदीतली वेळ, कोणते घड्याळ, ग्रीनिच वेळ, ठिकाण, कुठून मिळाले. घड्याळ कळत नसेल तिथे ग्रीनिचचा रकाना कोरा ठेवा. अंदाजाने भरलेला रकाना महिन्याभराने आपल्यालाच पुरावा वाटू लागतो.

वाचलेल्यांचे जबाब नॅशनल आर्काइव्हजच्याच एडीएम १९९ या मालिकेत, २१३० ते २१४८ या फायलींत आहेत. स्फोट कुठल्या बाजूला झाला, बोटी कशा उतरवल्या, हे त्यात नेमके मिळते. बोटीत गेलेल्या दिवसांचा हिशेब आणि अंतरे मात्र दुसऱ्या नोंदीशी जुळवूनच घ्या.

जागेचे अक्षांश-रेखांश बघताना शून्यांकडे लक्ष द्या. गेरसप्पासाठी ५० अंश उत्तर, १४ अंश पश्चिम असा गोल आकडा दिलेला आढळतो. असा आकडा म्हणजे 'साधारण इथे'. अक्षांशाचा एक मिनिट १,८५२ मीटरचा, पण रेखांशाचा मिनिट सोलापूरच्या अक्षांशावर सुमारे १,७६५ मीटर आणि तिकडे ५० अंशांवर जेमतेम १,१९० मीटर. नकाशावर टिंब देण्याऐवजी वर्तुळ काढा.

'युद्धात बुडाले' हा शब्दही तपासून वापरा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी होत्या. एकाच जहाजात कापूस आणि दारूगोळा भरणे म्हणजे काय, हे गिरणगावाला समजावायला नको. पण ते शत्रूच्या हल्ल्यात गेले नाही, म्हणून शत्रूने बुडवलेल्या जहाजांच्या याद्यांत शोधत बसलात तर वेळ जाईल. अपघात, टक्कर, वादळ यांच्या याद्या निराळ्या असतात.

शेवटी माणसे. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत माणसाच्या नावाने शोध सुरू करू नका, जहाजाच्या नावाने करा. कोकणातल्या मुसलमान खलाशाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिले आहे. एकच शेख तीन स्पेलिंगांत असतो आणि रत्नागिरीही एकाच तऱ्हेने लिहिलेली नसते. नाव मोठ्याने म्हणा आणि सुचतील ती चार-पाच स्पेलिंगे काढा. हुद्देही ओळखायला शिका: सारंग हा डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणावरचा, आगवाला भट्टीपुढचा, भंडारी स्वयंपाकाचा, टोपस झाडलोटीचा. जहाजावरच्या तोफा चालवणारे तोफची हे नौदल किंवा लष्कराचे असत. त्यांची नावे वेगळ्या स्मारकांवर आहेत, म्हणून मृतांचा आकडा दोन ठिकाणी एक-दोनने कमीजास्त येतो. ब्रिटिश अधिकारी लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर सापडतात, भारतीय खलाशी मुंबई आणि चितगाव स्मारकांच्या नोंदवहीत.

ही नोंदवही मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी तुम्ही मुंबईत. मात्र जाण्याआधी कळवून परवानगी घ्या. सोबत जहाजाचे नाव, नोंदणीचे बंदर आणि ग्रीनिच वेळेने काढलेली तारीख न्या, आणि शोधताना त्या तारखेच्या मागचा-पुढचा एकेक दिवसही बघा. नाव सापडले की पानावर आहे तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवा. दुरुस्त नाव त्याच्याखाली वेगळ्या ओळीत लिहा.