मिलिंग मशीनचं टेबल हलवणाऱ्या स्टेपर मोटरला ड्रायव्हर निवडताना

ड्रायव्हर म्हणजे मोटरला पावलापावलाने वीज देणारं सर्किट. तो निवडताना आधी मोटरची डेटाशीट काढा. माझी मोटर ‘नेमा २३’ या मापाची, ३ अँपिअरची; इंडक्टन्स (कॉइल प्रवाहातल्या बदलाला करते तो विरोध) २.२५ मिलिहेन्री. सप्लायच्या व्होल्टेजचा ढोबळ नियम: ३२ गुणिले मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ, म्हणजे जास्तीत जास्त ४८ व्होल्ट. मी ३६चा सप्लाय लावला, कारण ५० व्होल्टचा ड्रायव्हर ४८वर चालवला तर थांबताना मोटर उलट ढकलते ती वीज झेपायला जागाच उरत नाही.

ड्रायव्हरवरचा ४.२ अँपिअर हा बहुधा पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा; १.४ने भागला की प्रत्यक्षातले ३ उरतात. इथेच मी फसलो होतो. पीक आकडाच बघून स्वस्तातला ड्रायव्हर घेतला, दुकानदार म्हणाला, "चालेल हो!" टेबल जोरात हलवलं की एक्स अक्ष पावलं चुकवायचा.

मायक्रोस्टेपिंग, म्हणजे मोटरच्या पावलाचे बारीक तुकडे, एका फेरीला १६०० पल्सवर ठेवा. एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणाऱ्या स्क्रूला मिलिमीटरमागे ३२० पल्स पुरतात. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळतो.