पहिल्या फिल्मसाठी कॅमेऱ्याचा फॉरमॅट कसा ठरवायचा

कॅमेरा कुठला घ्यायचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, आधी तुमची फिल्म लोक कुठे बघणार ते ठरवा, फॉरमॅटचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं. यूट्यूब, फेस्टिव्हल, थिएटर, ओटीटी, प्रत्येकाची मागणी वेगळी. थिएटरसाठी फिल्मचं डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारं डिजिटल पॅकेज) बनवावं लागतं आणि त्यातलं २के म्हणजे २०४८ बाय १०८० पिक्सेल, म्हणजे साध्या फुल एचडीपेक्षा रुंदीला फक्त १२८ पिक्सेल जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की ६के, ८केच्या जाहिरातींचं निम्मं टेन्शन जातं. ४केला माझा विरोध नाही हां, एडिटला फ्रेम थोडी आत घेता येते, हललेला शॉट सावरता येतो, आणि नेटफ्लिक्ससारख्यांची तर स्वतःच्या निर्मितीसाठी कुठले कॅमेरे चालतील याची यादीच असते. पण फक्त ४के लिहिलंय म्हणून बाकीच्या गोष्टींवर पाणी सोडू नका.

दुसरी पायरी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, आणि इथे जरा थांबून वाचा कारण आपल्याकडचं सगळ्यात जास्त फुटेज इथे खराब होतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधी चोकवाली ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला बरोबर कळतं. फोन आणि बरेच कॅमेरे आधीपासून ३० फ्रेमवर सेट असतात, शटर (एका फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते) १/६० सेकंद ठेवलं की भिंतीवर काळसर पट्टे हळूहळू वर सरकायला लागतात, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत आणि घरी मोठ्या स्क्रीनवर लावलं की स्वयंपाकघरातला अख्खा सीन हातातून गेलेला असतो. एडिटमध्ये हे काढणं फार जिकिरीचं. म्हणून आपल्याकडे शूट करताना २५ फ्रेम, शटर १/५०, डोळे झाकून. मेनूत एनटीएससी असेल तर पाल करा (या टीव्हीच्या दोन पद्धती, पाल आपल्याकडची), नाहीतर २५ आणि ५० हे पर्यायच दिसत नाहीत, आणि काही कॅमेऱ्यांत त्यासाठी कार्ड परत फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा हे काम शूटच्या आधी घरीच उरका.

थिएटरचं नक्की असेल तर २४ फ्रेमच घ्या पण शटर १/५०च ठेवा, काही कॅमेरे शटर वेळेऐवजी अँगलमध्ये दाखवतात, त्यात सांगायचं तर १७२.८ डिग्री. २५वर काढलेली १०० मिनिटांची फिल्म २४ने चालवली तर ती साधारण १०४ मिनिटांची होते आणि आवाजाची पट्टीही किंचित उतरते, मग साउंडवाल्याला जास्तीचं काम. स्लो मोशन हवं तर ५० फ्रेम आणि १/१००. ६० किंवा १२० फ्रेम उन्हात बिनधास्त वापरा, ट्यूबलाइटखाली नको.

आता बिट डेप्थ. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४. दिवसाच्या साध्या सीनमध्ये फरक जाणवणार नाही, पण संध्याकाळचं आभाळ घ्या, केशरीपासून जांभळ्यापर्यंत हळूहळू जाणारं, ते ८-बिटमध्ये काढून रंग थोडे ओढले की आभाळात पायऱ्या पडतात. लॉगमध्ये (मुद्दाम फिकं काढून रंग एडिटला आणायचं प्रोफाइल) शूट करणार असाल तर १०-बिट पाहिजेच, ८-बिट लॉगच्या वाटेला जाऊ नका, त्यापेक्षा साध्या प्रोफाइलमध्ये एक्सपोजर नीट धरून काढा, चेहरे जास्त चांगले येतील. माझं स्पष्ट मत आहे, ८-बिट ४के आणि १०-बिट फुल एचडी यातून एकच मिळत असेल आणि कलर ग्रेडिंग करायचं असेल तर फुल एचडी घ्या.

मग कोडेक, म्हणजे फुटेज किती आणि कसं दाबून साठवायचं. एच २६४, एच २६५ मध्ये फाइल छोट्या होतात पण बहुतेक वेळा सगळ्या फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, मागच्यापुढच्या फ्रेम बघून कॉम्प्युटरला त्या उभ्या कराव्या लागतात, म्हणून जुना लॅपटॉप एच २६५ला घाम गाळतो. अॅपलच्या प्रोरेस कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम वेगळी असते, एडिटला लोण्यासारखं चालतं, फक्त जागा खातं. हिशोब करून बघा: १५ मिनिटांची शॉर्टफिल्म, दहापट फुटेज धरलं तर अडीच तास. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट) तासाला ४५ जीबी, म्हणजे साधारण ११२ जीबी. तेच ४के प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये तासाला ३०० जीबीच्या वर, म्हणजे पाऊण टीबीच्या पुढे, आणि बॅकअप धरून त्याच्या दुप्पट, कारण फुटेजची एकच कॉपी ठेवणं म्हणजे काही न ठेवल्यासारखंच. हार्ड डिस्कचे पैसे बजेटमध्ये नसतील तर प्रोरेस नको, एच २६५ घ्या आणि एडिटला प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवा, दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्येही प्रॉक्सी बनतात. रॉ, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, पहिल्या फिल्मला सहसा लागत नाही.

कार्ड घेताना त्यावरचा व्ही आकडा बघा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, म्हणजे २४० एमबीपीएस. ४०० एमबीपीएसचं रेकॉर्डिंग करणार असाल तर व्ही६० लागेल.

फोनवर करताय? करा, लाज वाटायचं कारण नाही. फक्त फोनचं स्वतःचं कॅमेरा अॅप फ्रेम रेट वरखाली करू शकतं आणि मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो, दोन मिनिटांच्या संवादात लगेच दिसतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप टाका, त्यात फ्रेम रेट, शटर, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक करा. आवाज ४८ किलोहर्ट्झला.

हे सगळं ठरलं की कॅमेरा विकत घेऊ नका, एका दिवसासाठी भाड्याने आणा. खऱ्या लोकेशनवर, खऱ्या दिव्यांखाली, एक संवादाचा सीन, एक रात्रीचा शॉट आणि एक झरकन केलेला पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून, काढा (पॅनमध्ये विजेचे खांब तिरके झाले तर त्या सेन्सरवर धावपळीचे सीन ठेवू नका). मग ते फुटेज स्वतःच्या लॅपटॉपवर एडिट करा, रंग करा, एक्सपोर्ट करून ओळखीच्या कुणाकडच्या मोठ्या टीव्हीवर आणि फोनवर, दोन्हीकडे बघा. जिथे अडेल ती सेटिंग बदला, परत दोन मिनिटांचं काढा, आणि जुळलं की सगळ्या सेटिंग कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत टाका, म्हणजे शूटच्या दिवशी दुसरा कुणी कॅमेरा धरला तरी तोच फॉरमॅट लागेल.