"ते लोक ट्रायलला येत नाहीत" असं कुणी म्हणालं तर आधी लॉग उघडा

अमेरिकेत क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे ट्रायलसाठी (उपचारांच्या माणसांवरच्या चाचणीसाठी) पेशंट शोधून त्यांची व्यवस्था बघायला, नवीन लागलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ब्लॅक आणि हिस्पॅनिक पेशंट ट्रायलला तयार होत नाहीत, त्यांचा विश्वासच नाही. मी पण ते खरं मानलं होतं. पहिल्या स्टडीत सहा महिने आमच्याकडे जवळपास सगळे गोरे पेशंट होते, मग एकदा स्क्रीनिंग लॉग, म्हणजे ट्रायलसाठी कोणाकोणाचा विचार झाला त्याची नोंद, नीट चाळला तर नकार दिलेल्यांच्या रकान्यात ब्लॅक पेशंट नव्हतेच, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ह्यांना येणंजाणं जमणार नाही असं डॉक्टरच ठरवून टाकायचे, नाव माझ्यापर्यंत यायचंच नाही, आणि मी पण कधी मागितलं नाही. ते अजून मनाला लागतं.

2006 मध्ये 70 हजारांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितलं गेलं होतं, आणि विचारल्यावर हो म्हणण्यात गोरे आणि अल्पसंख्याक ह्यांच्यात फारच थोडा फरक निघाला. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून कोणाला विचारलं आणि कोणाला नाही हे लिहून ठेवा.

अविश्वास मात्र खरा आहे आणि त्याला कारण आहे. अलाबामात टस्कीगीला 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सरकारच्याच पब्लिक हेल्थ सर्व्हिसने सिफिलिस झालेल्या ब्लॅक पुरुषांना उपचाराविना नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन सर्रास मिळायला लागल्यावरसुद्धा. त्यातूनच माणसांवरच्या संशोधनाबद्दलचा 1974 चा नॅशनल रिसर्च ॲक्ट आणि त्याची नैतिक तत्त्वं सांगणारा 1979 चा बेलमाँट रिपोर्ट आला, तुम्ही रोज हाताळता त्या कन्सेंटच्या (पेशंटच्या संमतीच्या) नियमांचं मूळ तिथे आहे. एका आजींनी मला विचारलं होतं, माझ्यावर प्रयोग करणार का तुम्ही? मी घाईत म्हटलं नाही नाही, तसं काही नाही. चूक केली. आता मी सांगते, हो, हा प्रयोगच आहे, औषध चालेल की नाही आम्हाला अजून माहीत नाही, आणि तुम्ही कधीही कारण न देता थांबू शकता. एवढं सरळ बोललं की लोक पुढचे प्रश्न विचारतात, आणि खरा कन्सेंट तिथून सुरू होतो.

प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलची लेखी नियमावली, पण तपासा. आफ्रिकन वंशाच्या बऱ्याच निरोगी लोकांचा न्यूट्रोफिल काउंट (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या) मुळातच थोडा कमी असतो, ते आजाराचं लक्षण नाही, पण प्रोटोकॉलमध्ये 1500 चा कटऑफ असेल तर धडधाकट माणूस स्क्रीन फेल होतो, म्हणजे सुरुवातीच्या तपासणीतच बाहेर पडतो. आपल्या हातात नियम वाकवणं नाही, पण असे स्क्रीन फेल वेगळे मोजून पीआयकडे (मुख्य संशोधकाकडे) आणि स्पॉन्सरकडे (ट्रायल करवून घेणाऱ्यांकडे) नेलेत तर अमेंडमेंटचा, म्हणजे प्रोटोकॉल बदलण्याचा, विषय तरी निघतो. स्पॅनिश पेशंटसाठी इंटरप्रिटर आधीच बुक करा, बरोबर आलेल्या मुलाला भाषांतर करायला लावू नका, आईचा आजार बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकवणं बरोबर नाही.

आणि लोक जिथे आधीच विश्वासाने बसतात तिथे जा. लॉस एंजेलिसला ब्लॅक मालकांच्या 52 बार्बरशॉपमध्ये ब्लड प्रेशरची ट्रायल झाली, 2018 मध्ये रिझल्ट आले, 319 ब्लॅक पुरुष होते. फार्मासिस्ट दुकानातच येऊन औषध द्यायचे, ज्यांना असं औषध मिळालं त्या गटाचं वरचं प्रेशर सहा महिन्यांत सरासरी 27 ने उतरलं आणि जवळपास सगळे शेवटपर्यंत टिकले. हे मी प्रत्येक नवीन कोऑर्डिनेटरला सांगते.

बजेटच्या मीटिंगला बसायला मिळालं तर गप्प बसू नका. टॅक्सीभाडं, संध्याकाळच्या विझिट, इंटरप्रिटर हे तिथेच घालून घ्यावं लागतं, नंतर कोणी देत नाही. एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, पैशावरची ट्रायल असेल तर 1993 चा कायदा आहे, खर्च वाढतो म्हणून अल्पसंख्याकांना वगळलं हे कारण त्यात चालत नाही. मी तो कायदा प्रिंट काढून नेते.